आजोबांचा जाळीचा गॉगल: उन्हाचा की भट्टीचा?

परळची_पोर

भोईवाड्यातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय. महिनाअखेर खोली रिकामी करून द्यायची, म्हणून गेले दोन रविवार मी आणि बाबा माळा उपसतोय. काल आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत युनियनच्या पावत्या, गंजलेला वस्तरा, विड्या ठेवायची डबी आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक गॉगल.

काचा गोल, जुन्या रुपयापेक्षा थोड्या मोठ्या, बाटलीसारख्या गडद हिरव्या. फ्रेम पत्र्याची. दोन्ही बाजूंना चहाच्या गाळणीसारखी बारीक तारेची जाळी, वाकवून कानशिलापर्यंत आणलेली. मागे चामड्याचा पट्टा, तो आता पापडासारखा मोडतो. जाळीच्या कडेला आतून खिळ्याने काहीतरी कोरलंय. ४ आणि ७ वाचता येतात, बाकीचं गंजानं खाल्लंय.

आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते. बाबा म्हणतात, "हा अण्णांचा उन्हाचा गॉगल. ऐंशीच्या ग्रहणाला त्यांनी यातूनच सूर्य बघितला, आख्ख्या चाळीला दाखवला." माझं म्हणणं, वर्कशॉपातला कामगार १९८० साली उन्हाचा गॉगल घालून कुठे फिरणार होता? बरोबरीच्यांनी जगू दिलं नसतं.

तर दोन प्रश्न. ही वस्तू नक्की काय आहे? आणि गॉगल नव्हते तेव्हा माणसं उन्हापासून डोळे कसे वाचवत होती? दुसरा प्रश्न ट्रंक बंद केल्यावर पडला, पण तोच जास्त छळतोय.

बखरबहाद्दर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, पहिल्यातलं मला कळत नाही.

आपल्याकडे ऊन अडवायचं ते डोक्यावर, डोळ्यावर नाही. सरदाराच्या बाजूला उंच दांड्याची अब्दागिरी धरून माणूस चालायचा. शब्द मूळचा फारसी आफताबगीर. आफताब म्हणजे सूर्य, गीर म्हणजे धरणारा. सूर्य धरून ठेवायचं यंत्रच म्हणा ना. चष्मासुद्धा फारसीच, चश्म म्हणजे डोळा. ज्यांना अब्दागिरी परवडत नव्हती त्यांनी पागोट्याचा पदर कपाळावर ओढला, बायकांनी डोईवरचा पदर. आणि ज्यांच्याकडे तेही नाही त्यांनी भुवईला हात लावला. तो हात आजही दादर स्टेशनच्या पुलावरून उतरणारा प्रत्येक माणूस लावतो.

साहेबाची सोला टोपीही याच वंशातली. अनेकांना ते इंग्रजी 'सोलर' वाटतं. तसं नाही, शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गरापासून ती बनते. बाशिंगाला वापरतात त्या भेंडासारखाच हलका गर.

टंकभैरव

रोमचा नीरो पाचूतून ग्लॅडिएटर बघायचा, म्हणजे जगातला पहिला गॉगल त्याचाच, असं वाचलंय. कुणीतरी खात्री करा.

बखरबहाद्दर

भैरवा, हे प्रकरण तसं निसरडं आहे. मूळ आधार प्लिनी, म्हणजे नीरोच्याच काळातला रोमन लेखक. तो त्याच्या ज्ञानकोशाच्या ३७ व्या खंडात रत्नांबद्दल लिहितो, त्यात एका ओळीत म्हणतो की नीरो झुंजी 'स्मॅराग्डस'मध्ये बघायचा. आता त्या शब्दात पाचूबरोबर इतरही हिरवे खडे येतात. शिवाय त्याच्याच आधी तो सांगतो की हा खडा सपाट असला की आरशासारखं प्रतिबिंब दाखवतो. म्हणजे नीरो त्यातून बघत होता की त्यात बघत होता, हे दोन हजार वर्षं लोंबकळतंय. गॉगल म्हणणं मला जरा ओढूनताणून वाटतं.

पण प्लिनीची दुसरी गोष्ट मला आवडते. तो म्हणतो, रत्नं कोरणारे कारागीर थकलेल्या डोळ्यांना विसावा म्हणून पाचूकडे बघत बसतात. डोळ्याला हिरवं बरं, ही समजूत एवढी जुनी आहे. माझ्या आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हिरव्या कापडाची झापड दिली होती तीही त्याच वळणाची. (टांग्याच्या घोड्याची असते ना, तीच झापड.)

हिमभटक्या

सगळ्यात जुना आणि सगळ्यात हुशार गॉगल उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा. त्याला काचच नाही. कॅरिबूचं शिंग, वॉलरसचा सुळा किंवा समुद्रात वाहून आलेलं लाकूड घ्यायचं, चेहऱ्यावर घट्ट बसेल असं कोरायचं आणि डोळ्यांसमोर फक्त एक आडवी चीर ठेवायची. आतून काजळी फासायची, म्हणजे कडेनं आलेला उजेड तिथेच मरतो. बेरिंगच्या किनाऱ्यावर असे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे नमुने सापडलेत.

विचार करा, आपण उन्हात डोळे किलकिले करतो, त्यांनी ते किलकिलेपण हाडात कोरून चेहऱ्याला बांधलं! चिरेमुळे दूरचंही जरा रेखीव दिसतं. चष्मा नसताना बोटांच्या फटीतून बसचा नंबर वाचतो तसं. काच नाही म्हणून श्वासाची वाफ धरत नाही. तिबेटकडे हेच काम याकच्या केसांच्या जाळीनं केलं.

याची गरज मला हिमाचलात कळली. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेली ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. म्हणजे टोपी घातली तरी सूर्य खालून येतो. आमच्यातल्या एकाचा गॉगल खिंडीत दरीत गेला. गडी म्हणाला, ढग आहेत, काही होत नाही. दुपारभर खरंच काही झालं नाही. रात्री नऊ-दहाला तंबूत ओरडायला लागला, डोळ्यात वाळू घातलीय म्हणून. पापणी उघडेना, नुसतं पाणी. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून माणूस फसतो. दुसऱ्या दिवशी वाटाड्यानं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, चाकूनं दोन चिरा पाडल्या, स्टोव्हच्या तळाची काजळी आतून लावली आणि बुटाच्या नाडीनं बांधला. तो तसाच खाली आला. फोटोत चोर दिसतो.

लोकलकर

"फोटोत चोर दिसतो" – हसून हसून पुरेवाट. वाचनखूण साठवली.

सई_दादर

काजळ राहिलं की! प्राचीन इजिप्तमध्ये बायकाच नव्हे, पुरुषही डोळ्यांभोवती जाड काळं लावत. काळ्यासाठी गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज, हिरव्यासाठी मॅलाकाइट. लूव्र संग्रहालयातल्या डब्यांमधल्या काजळाचा अभ्यास करून फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलं की त्यातले शिशाचे काही क्षार निसर्गात सहज मिळणारे नव्हते, मुद्दाम तयार केलेले होते, आणि अत्यल्प मात्रेत ते डोळ्याची रोगप्रतिकाराची यंत्रणा जागी करत असावेत.

आणि चकाकी? गालाच्या हाडावरून उजेड उसळून डोळ्यात जातो, तिथे काळं असलं की कमी जातो. अमेरिकन फुटबॉलवाले डोळ्याखाली काळे पट्टे ओढतात ते याचसाठी. २००३ मध्ये येलच्या डॉक्टरांनी ते तपासलं. काळं ग्रीस लावलेल्यांना उन्हात फिकट फरक थोडे चांगले ओळखता आले. त्याच कामासाठी विकतात त्या चिकटपट्ट्यांचा मात्र तसा उपयोग दिसला नाही.

आमची आजी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन उपडं धरून काजळ पाडायची. ताम्हनाच्या बुडाला मखमलीसारखी काजळी धरायची, ती तुपात खलायची. त्याने ऊन अडायचं का, माहीत नाही. बोट डोळ्यात जायचं हे नक्की. आणि हो, बाजारातला सुरमा बाळांना लावू नका. त्यात शिसं निघतं. इजिप्तचं कौतुक इजिप्तपाशी.

नाखवा_वेसावे

बर्फाचं ऐकलं, आता पाण्याचं ऐका. आमच्या धंद्यात सूर्य दोन असतात, एक वर नि एक खाली.

माझ्या बाच्या दोन्ही डोळ्यांत नाकाकडून मांस वाढलं होतं, पांढऱ्यावरून काळ्याकडे सरकत. वेसाव्यात तशी म्हातारी माणसं तुम्हाला कितीतरी दिसतील. आम्हाला वाटायचं खाऱ्या वाऱ्यानं होतं. डॉक्टर म्हणाले, वारा-धूळ आहेच, पण मुख्य ऊन. बा जन्मभर डोक्याला रुमाल गुंडाळून गेला, गॉगल कधी नाही. "गॉगल घालून मासळी पकडायची काय शूटिंग करायचीय?" असं म्हणायचा.

मी पाच वर्षांपूर्वी पोलराइज्ड घेतला. पहिल्या दिवशी बोटीच्या बाजूला वाकलो तर पाण्यावरची चांदी गेली नि खाली दोरी दिसायला लागली, हातभर खोल. वाटलं पाणीच बदललं. एकच वैताग, मासे शोधायच्या यंत्राचा पडदा एका बाजूनं बघितला की काळा ठिक्कर. पहिल्यांदा यंत्र बंद पडलं समजून मी त्याला दोन थपडा घातल्या. पोरानं सांगितलं, बाबा मान सरळ करा.

टंकभैरव

नाखवाभाऊ, थपडा खाल्लेल्या यंत्राची बाजू मी घेतो. पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड बराचसा आडवा कंप पावतो. उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांवर तर जवळजवळ पूर्णच. पोलराइज्ड काच फक्त उभा कंप आत सोडते, म्हणून चांदी गेली. यंत्राच्या पडद्यालाही तसलीच पट्टी असते. दोन पट्ट्या एकमेकींना आडव्या आल्या की अंधार.

ही पट्टी स्वस्तात बनवण्याची युक्ती एडविन लँडची. कॉलेज अर्धवट सोडलेला पोरगा. १९२९ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९३० च्या दशकात तिचे गॉगल बाजारात आले. त्याच १९२९ साली सॅम फॉस्टर अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर सेल्युलॉइडचे स्वस्त गॉगल विकू लागला होता. म्हणजे कुलाबा कॉजवेच्या फुटपाथचा मूळपुरुष तो. वैमानिकांचे थेंबाच्या आकाराचे आले १९३० च्या दशकातच, आणि युद्धानंतर सगळ्यांच्याच नाकावर बसले.

बखरबहाद्दर

पाण्यावरून आठवलं. व्हेनिसमध्ये अठराव्या शतकात गोंडोल्यातून फिरणारे हौशी लोक मुरानो बेटावरच्या हिरव्या काचेचे चष्मे लावत. नाटककार गोल्दोनी ते वापरायचा म्हणून त्याच्याच नावानं ओळखले जातात. चीनमध्ये काच नव्हे, धुरकट स्फटिक वापरला. त्याला तिकडे चहा-स्फटिक म्हणतात, रंग आपल्या कोऱ्या चहाचा.

स्क्वेअरलेग

क्रिकेटशिवाय धागा पूर्ण कसा होईल?

खेळपट्टी शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात ती सूर्यासाठीच. पूर्व-पश्चिम असली की काय होतं ते नेपियरला बघितलं सगळ्यांनी. २३ जानेवारी २०१९, भारत-न्यूझीलंड वनडे. पाऊस नाही, अंधुक प्रकाश नाही, उलट उजेड जास्त झाला म्हणून खेळ अर्धा तास थांबला. मावळता सूर्य थेट फलंदाजाच्या डोळ्यात. एक षटक कापून आपल्याला १५६ चं लक्ष्य दिलं.

शिवाजी पार्कात आम्हाला कोण थांबवणार. चारच्या उन्हात उंच झेल आला की सरांनी शिकवलेलं एकच: डावा पंजा सूर्यावर ठेव, बोटांच्या वरून चेंडू बाहेर येऊ दे, मग पंजा खाली आण. पंजा लवकर काढलास की दात गेला. माझा अर्धा गेलाय, समोरचा.

लोकलकर

गॉगलवरून स्क्वेअरलेगचा दात. धागा भलतीकडेच भरकटतोय. पोरीच्या प्रश्नाचं काय?

पिंगळा

नेत्रतज्ज्ञ आहे, सायनला. दोन दिवस नुसती वाचत होते, आता राहवत नाही.

परळची_पोर, तुझा गॉगल भट्टीचा असावा असं वर्णनावरून वाटतं. उन्हासाठी कुणी तारेची जाळी लावत नाही. ती ठिणग्या आणि कणांसाठी, आणि काचेवर वाफ धरू नये म्हणून. हिरव्या काचेचीही गंमत आहे. तापलेल्या भट्टीसमोर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना लवकर मोतीबिंदू व्हायचा, काच फुंकणाऱ्यांना विशेष. विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञानं त्यासाठी शेकडो प्रकारच्या काचा करून बघितल्या आणि १९१३ मध्ये निष्कर्ष मांडले. सीरियमनं अतिनील किरणं अडतात, विशिष्ट रूपातल्या लोहानं उष्णतेची. लोह आलं की काचेला हिरवट झाक येते.

आता मला खटकलेली गोष्ट. यातून ग्रहण बघितलं? भट्टीच्या किंवा गॅस वेल्डिंगच्या काचा साधारण ५ नंबरच्या आसपास असतात. ५ नंबरची काच सुमारे २ टक्के उजेड आत सोडते. सूर्याकडे बघायला १४ नंबर लागतो, तो दहा लाखांत जेमतेम तीन भाग सोडतो. मधलं अंतर सात हजार पट आहे. गडद काचेमुळे डोळा दिपत नाही, माणूस निवांत बघत राहतो, बाहुलीही मोठी होते. आणि दृष्टिपटलाला दुखत नाही. तिथे वेदना कळवणारी नसच नाही. भाजतं, पण कळत नाही.

फुटपाथवरच्या गॉगलचंही हेच. नुसता काळेपणा म्हणजे संरक्षण नव्हे. बाहुली उघडते आणि अतिनील किरणं अडवली नसतील तर ती आत जातात. पारदर्शक चष्म्यातही ती पूर्ण अडवता येतात, त्याला रंग लागतच नाही.

एक विचारू? आजोबांना नंतर वाचताना काही त्रास होता का?

परळची_पोर

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद ऑफिसातून घरी येताना लोकलमध्ये वाचला आणि करी रोडला उतरायचं राहिलं.

आजोबा पेपर तिरका धरायचे. म्हणजे डोकं उजवीकडे वळवून, पेपर डावीकडे, कोंबडी दाणा बघते तसं. आम्ही पोरं नक्कल करायचो. म्हणायचे, "मधलं अक्षर खातंय." परळ शब्दातला र दिसायचा नाही म्हणे, प आणि ळ दिसायचे. घरात सगळे मोतीबिंदूच समजत होते. ऑपरेशन झालं, तरी पेपर तिरकाच.

बाबांना आत्ता विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ग्रहण दुपारचं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, टीव्ही असलेल्या एका घरात निम्मी चाळ सिनेमा बघायला कोंबलेली. आजोबा मात्र गच्चीवर. "घाबरता काय, वर्कशॉपचा गॉगल आहे" म्हणून पोरांना एकेक करून बोलावत होते. पोरांना क्षणभरच द्यायचे, पाळी संपली की बाकी वेळ स्वतःच बघत होते.

पिंगळा

धाग्यावर निदान करणार नाही, तेव्हाच्या तपासण्याही हाताशी नाहीत. पण मधलंच अक्षर जाणं आणि कडेचं राहणं हे मोतीबिंदूचं लक्षण नाही, एवढं सांगते. बाबांनी त्या दिवशी बघितलं होतं का? असेल तर एकदा तपासून घ्या, कुठेही.

परळची_पोर

बाबा म्हणतात त्यांची पाळी आली तेव्हा आजीनं कान धरून खाली नेलं. तरी नेते.

हिमभटक्या

आजी जिंदाबाद. आम्ही १९९५ च्या ग्रहणाला एक्स-रेची फिल्म डोळ्याला लावून बघितलं होतं. कुणाच्या तरी फुप्फुसातून सूर्य. आता विचार करून घाम फुटतोय.

सई_दादर

आणि आम्ही परातीत हळदीचं पाणी! तेही धोक्याचंच ना, पिंगळाताई?

पिंगळा

हो, पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजेही सूर्यच. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भिंतीवर पडलेला कवडसा बघा. झाडाखाली उभं राहिलं तरी पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडतात. फुकट आणि सुरक्षित.

टंकभैरव

घरच्या घरी गॉगल तपासायचा असेल तर नोट तपासायची निळी टॉर्च घ्या. नोटेवरचा नंबर चमकतो. मध्ये गॉगलची काच धरा. चमक गेली तर काच अतिनील अडवते. मात्र स्वस्त टॉर्चमध्ये साधा जांभळा उजेडही असतो, त्यामुळे चांगली काचसुद्धा थोडं चमकू देते. म्हणून पक्कं हवं असेल तर चष्मेवाल्याकडचं यंत्र.

परळची_पोर

अपडेट. शनिवारी बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. बाबांचे पडदे स्वच्छ. आजीचा कान-धरू कार्यक्रम वाया गेला नाही.

येताना गिरगावात एका जुन्या चष्मेवाल्याच्या दुकानात शिरलो. सत्तरीचे गृहस्थ. गॉगल हातात घेतला, जाळीवरून अंगठा फिरवला आणि यंत्राबिंत्राला न लावता म्हणाले, "फौंड्री." मग आम्हाला बरं वाटावं म्हणून यंत्रावर धरला. अतिनील जवळपास सगळं अडवलं. माझा गेल्या वर्षी लिंकिंग रोडला दोनशेला घेतलेला गॉगल मी हळूच पुढे केला. त्यांनी आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत दिला.

कोरलेल्या जागेला त्यांनी रॉकेलचा बोळा लावून गंज काढला. चार आकडे निघाले, ४४७२. वर्कशॉपात प्रत्येकाला पितळी बिल्ला असायचा, त्याचा नंबर असणार. मी म्हटलं, बाबा, आजोबांचा बिल्ला नंबर! बाबांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं, पुन्हा बघितलं.

"अण्णांचा ११८२. मला पाठ आहे, पगाराच्या दिवशी डबा घेऊन मीच गेटवर उभा असायचो. हा दुसऱ्याच कुणाचा तरी उचललाय."

बखरबहाद्दर

धाग्याचं शीर्षक बदला. ४४७२ च्या नातवंडांपैकी कुणी इथे आहे का?

नाखवा_वेसावे

असेल तर गप बसा. पोरगी ट्रंक परत द्यायला लागेल.